किल्लीआधी कागद : नाशकात नवं बिऱ्हाड मांडताना

घर पसंत पडलं, भाडं ठरलं, आता डिपॉझिट देऊन किल्ली घ्यायची एवढंच राहिलं, अशा वेळी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं हेच सांगते : घरमालकाकडून विजेचं शेवटचं बिल मागून घ्या. गॅसची काय सोय आहे ते विचारा, पाणी कुठून आणि किती वाजता येतं ते विचारा, घरपट्टीची पावती बघा, आणि मग डिपॉझिट द्या. किल्ली घेतल्यावर हे कागद मागितले की मालक "देतो ना, घाई काय आहे" म्हणतो आणि महिना निघून जातो. पैसे द्यायच्या आधी मागितले की त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येतात.

आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. परभणी, जळगाव, सांगली करत शेवटची बदली नाशकात, दिंडोरी रोडच्या मेरीत (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) झाली आणि इथलं हवापाणी मानवलं म्हणून इंदिरानगरला फ्लॅट घेऊन आम्ही कायमचे राहिलो. आता सोसायटीचं सचिवपद माझ्याकडे आहे. भाडेकरू आला-गेला की त्याचे कागद माझ्या टेबलावर येतात. लातूरहून, धुळ्याहून, पुण्याहून आलेली तरुण जोडपी मी बघते. सामान अगदी जपून आणतात, फ्रिजला गादी गुंडाळून आणतात. पण मीटर कोणाच्या नावावर आहे, मागची बाकी किती आहे, हे कोणी विचारत नाही. परक्या गावात पहिल्याच आठवड्यात लेकरांना घेऊन अंधारात बसायची वेळ कोणावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

घर कोणाच्या हद्दीत आहे

पत्त्यावर "नाशिक" लिहिलं म्हणजे घर महापालिकेत असेलच असं नाही. देवळाली कॅम्पचा कारभार छावणी परिषदेकडे (कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे) आहे. तिथली घरपट्टी आणि पाणी यांचा महापालिकेशी संबंध येत नाही. गंगापूर रोडने पुढे गोवर्धनकडे गेलात तर ग्रामपंचायत लागते. तिकडच्या नव्या बंगल्यांच्या जाहिरातीत "गंगापूर रोड" असं मोठ्या अक्षरात असतं, पण नळ ग्रामपंचायतीचा की नुसती बोअर, हे जागेवर जाऊनच कळतं. महापालिकेच्या हद्दीत असाल तर सहा विभाग आहेत : नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर. नवीन नाशिकला सगळे सिडकोच म्हणतात. तुमचं काम तुमच्या विभागीय कार्यालयात होतं, शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात धाव घ्यायची गरज सहसा पडत नाही. घरपट्टीच्या पावतीवर विभाग लिहिलेला असतो. ती पावती एकदा बघितली की हद्दीचा प्रश्न मिटला.

करार नोंदवलेलाच हवा

भाड्याने राहणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचा करार. शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देतो असं एजंट म्हणतात, स्वस्तात पडतं म्हणून लोक मान डोलावतात. तसं करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. आता हे घरबसल्या ऑनलाइन होतं. अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००, आणि वर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. नोंदणीकृत करार हातात असला की गॅस एजन्सी, इंटरनेटवाले, बँक, आधारमधला पत्ता, सगळी कामं त्या एका कागदावर होतात. नोटरीच्या कागदावर यातली निम्मी कामं अडतात.

करारात दोन ओळी आवर्जून घालून घ्या. पहिली, ताबा घेतला त्या दिवशीचं वीज मीटरचं रीडिंग. दुसरी, त्या तारखेच्या आधीची वीज, गॅस, पाणी आणि मेंटेनन्सची सगळी बाकी मालकाची. एजंटच्या छापील मसुद्यात या ओळी बहुधा नसतात. सांगितल्या की घालून देतो.

सोसायटी असेल तर पोलिस पडताळणीची प्रत आणि करार सचिवाकडे द्यावा लागतो. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जो बिनभोगवटा आकार घेते तो मालकाने द्यायचा असतो, आणि तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. तो तुमच्या माथी मारत असतील तर नम्रपणे नाही म्हणा.

वीज

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगते.

नाशकात वीज महावितरणची. बिलावर बाकी काही कळलं नाही तरी चालेल, पण चार गोष्टी वहीत उतरवून घ्या : बारा अंकी ग्राहक क्रमांक, चार अंकी बिलिंग युनिट, मीटर क्रमांक आणि मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती किलोवॅट वीज वापरायला मंजुरी आहे तो आकडा. पहिल्या दोन आकड्यांवर बिल कुठूनही भरता येतं आणि महावितरणच्या ॲपमध्ये ते जोडलं की मागची बिलं, भरणा, थकबाकी सगळं दिसतं. मीटर मालकाच्या नावावर असला तरी ॲपमध्ये जोडता येतो. मालकाने दाखवलेलं बिल जुनं असू शकतं, ॲपमधला आकडा आजचा असतो. डिपॉझिट देण्यापूर्वी तो बघा.

का बघायचा, ते सांगते. विजेची थकबाकी जागेला चिकटते. माणूस बदलला, मालक बदलला, तरी त्या जागेवरची बाकी भरल्याशिवाय तोडलेली वीज परत जोडून मिळत नाही. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक कुटुंब भर मे महिन्यात राहायला आलं. आधीच्या भाडेकरूने शेवटच्या काही महिन्यांचं बिल भरलंच नव्हतं. वीज तोडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती दिलीही गेली होती, पण ती गेली मालकाच्या मोबाइलवर, आणि मालक परदेशी. नव्या माणसांना कशाचा पत्ता नाही. लाइनमन आला, वीज बंद करून गेला. घरात तान्हं बाळ. दुसऱ्याची बाकी या पोरांनी स्वतःच्या खिशातून भरली, आणि मालकाकडून ती वसूल करायला त्यांना किती फोन करावे लागले ते मी पाहिलं आहे. ॲपमध्ये ग्राहक क्रमांक टाकून आधी दोन मिनिटं बघितलं असतं तर ते डिपॉझिटमधूनच वळतं झालं असतं.

आता मीटर ओळखण्याचं. अपार्टमेंटचे मीटर खाली पार्किंगमध्ये एका फळीवर असतात. फ्लॅट नंबर कधीतरी रंगाने लिहिलेले असतात, पुसट झालेले असतात, मीटर बदलताना इकडचे तिकडे झालेले असतात. लिहिलेल्या नंबरावर विसंबू नका. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. वीज जितकी जास्त वापरात तितका तो भरभर लुकलुकतो. एकाने घरात गिझर किंवा इस्त्री लावायची, दुसऱ्याने खाली उभं राहायचं. मग घरातला मेन स्विच पाडायचा. ज्या मीटरचा दिवा तत्क्षणी थांबला तो तुमचा. त्यावरचा क्रमांक बिलावरच्या मीटर क्रमांकाशी ताडून बघा. मेन पाडूनही तुमच्या नंबरच्या मीटरचा दिवा लुकलुकत राहिला, तर दुसऱ्याच कोणाची किंवा जिन्यातल्या दिव्यांची वायर तुमच्या मीटरवर आहे, नाहीतर वायरिंगमध्ये गळती आहे. दोन्हींचं बिल तुम्हालाच येणार. इलेक्ट्रिशियनला बोलावून त्याच दिवशी सोक्षमोक्ष लावा.

मीटर सापडला की रीडिंगचा फोटो काढा. मीटर क्रमांक आणि आकडा दोन्ही एकाच फोटोत यायला हवेत. नव्या डिजिटल मीटरवर आकडे आपोआप बदलत राहतात, तारीख, वेळ, व्होल्टेज असं काय काय येतं. केडब्ल्यूएच (kWh, म्हणजे युनिट) लिहिलेला आकडा येईपर्यंत थांबा. तो फोटो मालकाला व्हॉट्सॲप करा. तारीख-वेळेसह नोंद राहते.

बिलातला मंजूर भारही बघा. जुन्या घरांत तो एक किलोवॅटसुद्धा असतो, आणि आपण आल्या आल्या दोन किलोवॅटचा गिझर, इंडक्शन आणि एसी लावतो. भार वाढवून घेण्याचा अर्ज ऑनलाइन होतो, पण ग्राहक मालक असल्याने तो त्यानेच करायचा. आणि जुनं घर असेल, विशेषतः सिडकोच्या जुन्या योजनेतलं, तर गिझरच्या पॉइंटला अर्थिंग आहे ना हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय गिझर लावू नका. नाशिकची डिसेंबर-जानेवारीतली थंडी चांगली बोचरी असते. गिझर तुम्ही लावणारच, मग तो नीट लावा.

घरगुती दराचे टप्पे १०० युनिटपर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यावर असे आहेत, वरच्या टप्प्यातलं युनिट महाग. त्यावर स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. म्हणून नुसता "युनिटचा दर" धरून केलेला हिशेब जुळत नाही. मालक सबमीटर लावून ठरावीक दराने पैसे घेत असेल, तर मूळ बिल बघायला मागा.

वर्षातून एकदा, साधारण उन्हाळ्यात, नेहमीच्या बिलाबरोबर सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. ते पाहून नवे भाडेकरू घाबरून ते भरून टाकतात. ही ठेव ग्राहकाच्या नावावर जमा होते, त्यावर व्याज मिळतं, आणि ग्राहक म्हणजे मालक. तेव्हा ती रक्कम मालकाची. त्याने भरायला सांगितली तर भाड्यातून वळती करून घ्या.

वीज गेली तर १९१२ लावा. तक्रार क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. आणि "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला तर त्याला उत्तर देऊ नका, कुठलंही ॲप उतरवून घेऊ नका. नवीन पत्ता, नवीन बिल, मनात धाकधूक, अशा वेळी माणूस पटकन फसतो. लोकांची खाती रिकामी झाली आहेत.

घर विकत घेतलं असेल तर बिल आपल्या नावावर करून घ्या. इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) आणि ओळखपत्र जोडून अर्ज ऑनलाइन होतो. नवीन बांधकामात मीटर बिल्डरच्या नावावर राहून जातो आणि वर्षानुवर्षं तसाच चालतो. ताबा घेतानाच हा विषय काढा.

गॅस

दुसऱ्या गावाहून येत असाल तर गॅसची सुरुवात जुन्या गावातून होते. तिथल्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करायचे, ठेवीचे पैसे परत घ्यायचे आणि ट्रान्स्फर व्हाउचर मागून घ्यायचं. सिलिंडर ट्रकमध्ये घालून आणू नका. धोक्याचं आहे, आणि इथली एजन्सी तुमचं व्हाउचर मागेल, सिलिंडर नाही. नाशकात आल्यावर ज्या कंपनीचं कनेक्शन असेल तिच्या, घराजवळच्या एजन्सीत व्हाउचर, करार आणि आधार दाखवा. ठेव आजच्या दराने भरावी लागते : १४.२ किलोच्या सिलिंडरची ठेव २०२२ पासून २,२०० रुपये आहे, रेग्युलेटरची २५०. जुनी ठेव कमी रकमेची असेल तर परतही तेवढीच मिळते, तेव्हा वरचे पैसे तयार ठेवा. ठेव भरल्याचा जो कागद मिळतो तो घराच्या कराराच्या फाइलमध्ये ठेवा. पुढच्या बदलीत तोच लागतो.

शहरातल्या शहरात, म्हणजे सातपूरहून नाशिकरोडला वगैरे, घर बदललं असेल तर सिलिंडर जमा करावं लागत नाही. एजन्सी बदलण्याची विनंती कंपनीच्या ॲपवरून होते.

कनेक्शन होईपर्यंत चार-आठ दिवस जातात. तोवर पाच किलोचं छोटं सिलिंडर ओळखपत्रावर मिळतं, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. गल्लीतल्या दुकानात मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात भरून देतात, तसलं घेऊ नका. ते बेकायदा आहे, आणि जीवाशी खेळ आहे.

आणखी एक. पितृपक्षात कोणी घर हलवत नाही आणि दसऱ्याला सगळे एकदम हलतात. त्या दिवसांत एजन्सी, टेम्पोवाला, इलेक्ट्रिशियन सगळ्यांकडे गर्दी असते. दसऱ्याचा मुहूर्त धरणार असाल तर कागदांची कामं आधीच उरकून ठेवा.

सिलिंडर दारात आलं की सही करण्याआधी ते बघा. सील शाबूत हवं. वजन करायला सांगा, डिलिव्हरीवाल्याजवळ काटा असायला हवा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा. मग वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या तीन उभ्या पट्ट्या असतात, त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे दिसतील, जसं "सी-२८". ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीपर्यंत सिलिंडरची पुन्हा चाचणी व्हायला हवी. ती तारीख उलटून गेलेली असेल तर सिलिंडर परत करा आणि दुसरं मागा. तो तुमचा हक्क आहे. टोपी काढून व्हॉल्व्हमध्ये थोडं साबणाचं पाणी घालून बघा, बुडबुडे आले तर घेऊ नका. नळी आयएसआय शिक्क्याची नारिंगी सुरक्षा होज वापरा आणि पाच वर्षांनी बदला. मालकाने ठेवलेली जुनी हिरवी नळी कितीही धडधाकट दिसली तरी काढून टाका. गळती झाली तर १९०६. हा नंबर स्वयंपाकघरात भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

नाशकात आता महाराष्ट्र नॅचरल गॅसची पाइपलाइनही बऱ्याच भागांत आली आहे. इमारतीत उभी पाइप चढलेली असेल आणि मालकाचं कनेक्शन असेल तर तुम्हाला फक्त मीटरचं रीडिंग घ्यायचं आहे. बिल दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे आधीच्या भाडेकरूचा वापर तुमच्या पहिल्या बिलात मिसळतो. इथेही ताब्याच्या दिवसाचा फोटोच कामाला येतो.

पण शेगडीकडे लक्ष द्या, हे मी हात जोडून सांगते. पुण्या-मुंबईहून पाइप गॅसवर वापरलेली शेगडी आणली आणि इथे सिलिंडरला जोडली, तर ज्योत भसकन वर येते. पाइपमधल्या गॅसला उष्णता कमी, दाब कमी, म्हणून त्याच्या जेटचं, म्हणजे गॅस बर्नरमध्ये सोडणाऱ्या तोटीचं, भोक मोठं केलेलं असतं. त्याच भोकातून सिलिंडरचा गॅस आला की तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त येतो, भांडी काळी पडतात आणि ज्योत ताब्यात राहत नाही. सिलिंडरवरची शेगडी पाइपला लावली तर उलट होतं, ज्योत मिणमिणती. एजन्सीचा मेकॅनिक बोलावून जेट बदलून घ्या आणि मगच पेटवा. आणखी एक फरक डोक्यात ठेवा : सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो, पाइपचा हलका, तो छताकडे जातो. म्हणून सिलिंडर असेल तर हवा खालून खेळती हवी आणि पाइप असेल तर वरची झडप उघडी हवी. मॉड्युलर किचनच्या बंद कपाटात सिलिंडर कोंडलेलं असेल तर त्या कपाटाला खाली भोकं पाडून घ्या. सुतार आला की अर्ध्या तासाचं काम आहे.

पाणी

नाशिकचं बहुतेक पाणी गोदावरीवरच्या गंगापूर धरणाचं. आमच्या पाथर्डी-इंदिरानगरच्या बाजूला मुकणे धरणाचं पाणी विल्होळीच्या केंद्रात शुद्ध होऊन येतं, आणि नाशिकरोडच्या काही भागाला दारणेचं, चेहेडीहून उचललेलं. आमच्या यांच्या तोंडी आयुष्यभर धरणांचीच नावं, त्यामुळे घरात जून लांबला की आधी धरणात किती टक्के साठा आहे ते बघितलं जातं. तुम्हीही बघत जा. साठा उतरला की कपात जाहीर होते, आणि टाकी किती मोठी घ्यायची ते त्यावर ठरतं.

अपार्टमेंटमध्ये सचिवाला विचारा : महापालिकेचं पाणी किती वाजता येतं, खालच्या टाकीतून वर कधी चढवतात, बोअर आहे का आणि तिचं पाणी कुठल्या नळाला आहे. आपल्याकडे खाली काळा पाषाण. बोअरचं पाणी जड असतं, गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या जाळीवर पांढरा थर धरतं. काही इमारतींत दोन्ही पाणी एकाच टाकीत सोडतात. घर बघायला जाल तेव्हा बाथरूमच्या नळाची जाळी बोटाने चाचपून बघा, खरं काय ते कळेल. टाकी शेवटची कधी धुतली तेही विचारा.

फिल्टर घ्यायची घाई करू नका. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर सोसायटीत कोणाकडे तरी असतोच. आकडा ५०० च्या बराच आत असेल, आणि धरणाच्या पाण्याचा असतोच, तर आरओ कशाला? त्यात निम्म्याहून जास्त पाणी मोरीत जातं. यूव्हीचा फिल्टर पुरतो. आता २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी शहरात जागोजागी रस्ते खोदलेले आहेत. खोदकामात लाइन फुटली की पाणी गढूळ येतं. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि दारासमोर खोदकाम चालू असेल तेव्हा पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.

दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं झालं की महापालिका बहुतेक वेळा शनिवार निवडते, आणि रविवारी सकाळी पाणी कमी दाबाने येतं. रविवारी पाहुणे बोलावण्याआधी शुक्रवारचा पेपर बघा.

रो-हाउस किंवा बंगल्यात नळजोडणी स्वतंत्र असते. पाणीपट्टीची बाकी आधी बघा. नवीन जोडणी हवी असेल तर अर्ज विभागीय कार्यालयात, काम परवानाधारक प्लंबरकडून, आणि रस्ता फोडण्याचे पैसे वेगळे. नळाला थेट मोटर लावू नका. ते बेकायदा आहे आणि शेजारच्याच्या वाट्याचं पाणी तुम्ही ओढता. घर विकत घेतलं असेल तर घरपट्टी आणि पाणीपट्टी दोन्हींवर नाव लावायचा अर्ज एकदमच द्या. घरपट्टी आगाऊ भरली तर एप्रिलमध्ये सगळ्यात जास्त सवलत मिळते, मे-जूनमध्ये ती कमी होत जाते. नळाची, ड्रेनेजची किंवा पथदीपाची तक्रार महापालिकेच्या ई-कनेक्ट ॲपवर टाका, फोटोसकट.

राहिलेलं

इंटरनेटचं फार मनावर घेऊ नका. कुठली कंपनी चांगली हे शहरावर ठरत नाही, तुमच्या इमारतीत कोणाची फायबर आलेली आहे आणि दुरुस्तीला माणूस किती वेळात येतो यावर ठरतं. वरच्या-खालच्या दोन घरांत विचारा आणि तेच घ्या. वर्षभराचे पैसे एकदम भरू नका, पहिले तीन महिने बघा. राउटरला छोटा यूपीएस लावा; पावसाळ्यात वीज वरचेवर जाते आणि घरून काम करणाऱ्यांची मीटिंग अर्ध्यात तुटते.

घंटागाडी कुठल्या वेळेला आणि गल्लीच्या कुठल्या टोकाला थांबते ते शेजारी विचारून घ्या. ओला आणि सुका कचरा पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. सामान उघडल्यावरचे खोके, थर्माकोल एकदम देऊ नका, खोके रद्दीवाला घेऊन जातो. फुटलेली काच कागदात गुंडाळून, वर "काच" लिहून द्या, गाडीवरची माणसं हाताने कचरा उचलतात.

घर सोडताना हेच उलट्या क्रमाने करायचं. शेवटच्या दिवशी वीज आणि गॅस मीटरचा फोटो, मालकाला त्याच दिवशी मेसेज, तोवरच्या युनिटचा हिशेब करून पैसे भरल्याची पावती, इंटरनेटचा राउटर परत केल्याची पोच, आणि दुसऱ्या गावाला जात असाल तर गॅसचं ट्रान्स्फर व्हाउचर. डिपॉझिटचा चेक हातात पडल्यावर किल्ली द्या.